बिल्ड सुरू करण्याआधी ऑप्शनची तयारी

सोर्समधून पॅकेज बिल्ड करताना दिलेला ऑप्शन लागू झाला नाही, की बरेच जण आणखी दोन ऑप्शन जोडून पुन्हा मेक (बिल्ड चालवणारी कमांड) चालवतात. तसं करू नका. ऑप्शन शेलमधून कॉन्फिगरकडे (बिल्डची जुळणी करणारी स्क्रिप्ट), तिथून मेकफाइलमध्ये (मेकसाठीच्या सूचनांची फाइल) आणि शेवटी कंपायलरकडे जातो. वाटेत तो कुठे गळतोय हे दिसेल एवढी तयारी आधी करा.

बिल्ड डिरेक्टरी रिकामी हवी. कॉन्फिगरऐवजी सीमेक असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण ते सीफ्लॅग्ज (सी कंपायलरला द्यायचे फ्लॅग) एन्व्हायर्नमेंटमधून पहिल्यांदाच वाचतं आणि कॅशमध्ये ठेवतं. नंतर तुम्ही कितीही एक्स्पोर्ट करा, वापरलं जातं ते जुनंच. सीमेक 3.24 पासून यासाठी --फ्रेश आहे, नाहीतर सरळ डिरेक्टरी उडवा.

मग हातातल्याच व्हर्जनचं कॉन्फिगर --हेल्प लावून वाचा. जुन्या सूचनांमधले ऑप्शन कधीच काढून टाकलेले असू शकतात, आणि इथे खरी फसगत होते: --एनेबल किंवा --विथ यांच्यापुढचं नाव चुकलं तर कॉन्फिगर थांबत नाही. ‘अनरेकग्नाइज्ड ऑप्शन्स’ अशी एक वॉर्निंग देऊन पुढे जातं, आणि ती शेकडो ‘चेकिंग’च्या ओळींत हरवते. तेवढी ओळ शोधाच. कमांड कुठून कॉपी केली असेल तर डॅशही निरखून बघा. दोन छोट्या डॅशांची एक लांब डॅश झाली, की शेलला काहीच खटकत नाही, पण ऑप्शनमध्ये = नसेल तर कॉन्फिगर त्या शब्दाला मशीनचं नाव समजतं आणि ‘इनव्हॅलिड होस्ट टाइप’ असं भलतंच सांगतं. प्रत्यक्षात कोणते ऑप्शन पोचले ते कॉन्फिग डॉट लॉगच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं.

मेकच्या पायरीवर व्ही=1 द्या (सीमेकच्या मेकफाइलला व्हर्बोज=1, मेकऐवजी निंजा असेल तर त्याला -व्ही), म्हणजे कंपायलरची अख्खी ओळ दिसेल. तुमचा फ्लॅग त्या ओळीत नसेल तर कंपायलरला दोष देण्यात अर्थ नाही. मेकच्या कमांडवर सीफ्लॅग्ज देणं मात्र टाळावं असं माझं ठाम मत आहे: त्यानं मेकफाइलमधली सीफ्लॅग्जची नेमणूक बाद होते, प्रोजेक्टनं घातलेले गरजेचे फ्लॅगही जातात आणि नवीच एरर उभी राहते. ते कॉन्फिगरलाच द्या.

डेबियन पॅकेज असेल तर कॉन्फिगरचे ऑप्शन पॅकेज बनवणाऱ्या डीपीकेजी-बिल्डपॅकेजला देऊन उपयोग नाही. ते डेबियन डिरेक्टरीतल्या रूल्स फाइलमध्ये, कॉन्फिगर चालवणाऱ्या डीएच-ऑटो-कॉन्फिगरच्या ओव्हरराइडमध्ये, दोन डॅशांनंतर लिहायचे. टेस्ट वगळायच्या असतील तर डेब-बिल्ड-ऑप्शन्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये नोचेक. आरपीएमचं (फेडोरा वगैरेंची पॅकेज पद्धत) --विथ तर स्पेक फाइलमध्ये (पॅकेज कसं बनवायचं ते सांगणारी फाइल) तशी अट लिहिलेली नसेल तर गुपचूप वाया जातं. आरपीएम --इव्हॅलनं मॅक्रो (छोट्या नावामागे दडलेला मजकूर) उलगडून बघता येतो, ते आधीच करून घ्या.

सगळं आउटपुट एररसकट टी कमांडनं फाइलमध्ये साठवा. बिल्ड अडलं तर -जे1 देऊन पुन्हा चालवा, म्हणजे समांतर कामांच्या ओळी एकमेकींत मिसळणार नाहीत. लॉग वाचताना पहिल्या एररपासून सुरुवात करा. तळाशी दिसणारं ‘एरर 2’ हा बहुतेक वेळा आतल्या मेकचा निरोप बाहेरच्या मेकनं पुढे ढकललेला असतो.