ऑर्डर देण्याआधी: ऑनलाइन खरेदीच्या तक्रारीची तयारी

बिल, ऑर्डर क्रमांक, पैसे गेल्याचा मेसेज हे सगळेच ठेवतात. ते सोडा. आधी स्क्रीनशॉट! पैसे भरण्यापूर्वी, वस्तूच्या पानाचा, वरपासून खालपर्यंत: वर्णन, किंमत, परतीच्या अटी, विक्रेत्याचं नाव-पत्ता. मागच्या खेपेला मी तेवढंच विसरले. 'शुद्ध रेशीम' म्हणून घेतलेली साडी भलतीच निघाली, आणि तक्रार करायला पान उघडलं तर तिथे 'आर्ट सिल्क', म्हणजे कृत्रिम रेशीम. बिलावर नुसतं 'साडी, १ नग'. भांडायचं कशाच्या जोरावर?

'नो रिटर्न'च्या शिक्क्याला घाबरू नका. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. पण वर्णन काय होतं हे दाखवणार कसं? स्क्रीनशॉटनेच. तारीख दिसू द्या, मूळ फाइल खोडू नका.

विक्रेता आणि अॅप हे बहुधा वेगळे असतात. तक्रारीत दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) करा, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ कायदा मागत नाही, कंपन्या मागतात. काढा, लेबलपासून सुरुवात करून.

तक्रार फोनवर नको. फोनवरची गोड मुलगी 'नोंद घेतली' म्हणते, पुढे कोणी ओळख देत नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा: ४८ तासांत पोच, महिन्याभरात निवारण, असा नियम आहे. चॅटवर बोललात तर खिडकी बंद करण्याआधी, हो, तिचाही स्क्रीनशॉट.

तरी हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे मध्यस्थी होते, निकाल लागत नाही. निकालासाठी जिल्हा ग्राहक आयोग. ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येतं, आणि तेही आपण राहतो त्या जिल्ह्यात. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं. दुकानात पुन्हा विकायला घेतलेला माल असेल तर या वाटेला जाऊच नका, तुम्ही कायद्याने ग्राहक नाही.

बाकी आयोगाकडच्या तक्रारीला शपथपत्र, ओळखपत्र, सगळं पीडीएफमध्ये. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ (पुराव्याचा कायदा) याच्या कलम ६३चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडा. सुनावणी व्हिडिओवर हवी असेल तर तसा अर्ज.