सेन्सर बदलायच्या आधी त्याची वायर तपासा

चेक इंजिनचा लाइट लागला आणि स्कॅनरवर एखाद्या सेन्सरचं नाव आलं की बरेच जण डायरेक्ट नवा सेन्सर मागवतात, बसवतात आणि लाइट तसाच. स्कॅनरवरचा कोड एवढंच सांगतो की त्या लाइनवरचं व्होल्टेज नको तिथे गेलंय, दोष सेन्सरचा का वायरचा हे ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) कळतच नाही.

म्हणून आधी स्कॅनरवर लाइव्ह डेटा (सेन्सरचं चालू रीडिंग) बघा. कूलंट टेंपरेचर वजा ४० दाखवतंय आणि कोड पी०११८ आहे, म्हणजे सर्किट कुठेतरी ओपन (तुटलेलं) आहे. दोन वायरींचा टेंपरेचर सेन्सर असेल तर टेस्ट एकदम सोपी, कप्लर (सेन्सरला लागणारा प्लग) काढायचा आणि हार्नेसच्या (गाडीच्या वायरींच्या जुडग्याच्या) बाजूच्या दोन पिना छोट्या वायरने जोडायच्या. रीडिंग उडी मारून वर गेलं तर वायरिंग ठीक आहे, सेन्सर गेलाय. हललंच नाही तर वायर, पिन नाहीतर ईसीयू. तीन वायरींच्या सेन्सरवर हा उद्योग करू नका, ५ व्होल्टची लाइन अर्थला (बॅटरीच्या मायनसला) टेकली तर तिच्यावरचे बाकीचे सेन्सरपण बंद पडतात.

तीन वायरींमध्ये सहसा एक ५ व्होल्ट, एक अर्थ, एक सिग्नल. चावी ऑन, इंजिन बंद, कप्लर लावलेलाच ठेवून मल्टिमीटरची बारीक प्रोब मागून आत सारायची (वायरला भोक पाडू नका हो, तिथूनच पुढे पाणी जातं). अर्थ पिन आणि बॅटरीचा मायनस यात ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ कमजोर आहे. ५ व्होल्ट गायब असेल तर त्याच लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढा, एखादा काढल्यावर व्होल्टेज परत आलं की चोर सापडला.

मल्टिमीटरच्या बजर मोडवर (वायर जोडलेली असली की वाजतो तो) फार विश्वास ठेवू नका. आतली एकच तार शिल्लक असली तरी बजर वाजतो. त्यापेक्षा वायर दोन्ही टोकांना सोडवा (ईसीयूच्या बाजूचा कप्लर बॅटरीचा मायनस काढूनच सोडवायचा) आणि बॅटरीवरून त्या वायरमधून एक छोटा बल्ब पेटवून बघा, मंद पेटला तर वायर आतून गेलीय. नाहीतर इंजिन चालू ठेवून हार्नेस हळूहळू हलवत रीडिंगवर लक्ष ठेवा, फक्त पंखा आणि बेल्टपासून हात लांब. वायर तुटते ती बहुतेक कप्लरच्या तोंडाशी, क्लिपच्या कडेला, सायलेन्सरच्या पाइपजवळ किंवा चाकापाशी सारखी वाकते तिथे, आणि उंदरांचं तर विचारूच नका.

आता जोडणी. बॅटरीचा मायनस काढा. तांबं हिरवं-काळं पडलं असेल तर चकचकीत तार लागेपर्यंत मागे कापा आणि तेवढ्याच जाडीचा तुकडा घाला. गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) आधीच वायरीत ओवून ठेवा, हे सगळे विसरतात आणि मग जोड परत उघडावा लागतो. चांगल्या प्लायरने जोड क्रिम्प करा (दाबून घट्ट बसवा). सोल्डर केलं तरी चालतं पण सोल्डरच्या कडेला वायर कडक होते आणि व्हायब्रेशनने तिथेच तुटते, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना आधार द्या. दोन-तीन वायरी असतील तर सगळे जोड एकाच जागी नको, पुढेमागे घ्या. क्रँक किंवा एबीएस सेन्सरच्या पिळलेल्या वायरी तशाच पिळून ठेवायच्या, पीळ सोडला तर सिग्नलमध्ये नॉइज येतो.

ऑक्सिजन सेन्सरच्या स्वतःच्या वायरींना सोल्डर लावू नका, बऱ्याच सेन्सरना बाहेरची हवा त्या वायरींमधूनच मिळते. आणि पिवळे कप्लर एअरबॅगचे, तिथे मीटरसुद्धा लावायचा नाही, ते काम वर्कशॉपचं.

शेवटी कापडी टेप गुंडाळून हार्नेस मूळ क्लिपमध्येच बसवा, कोड क्लिअर करा आणि इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत गाडी फिरवा, कारण बरेच लूज कॉन्टॅक्ट गार असताना दिसतच नाहीत.