फोर प्लस वन: जलसंपदा अभियांत्रिकीत पाच वर्षांत एम.एस.

अमेरिकेत ज्याला 'फोर प्लस वन' म्हणतात त्याचा हिशेब सरळ आहे. बी.एस. करता करताच एम.एस.चे काही विषय घ्यायचे, ते दोन्ही पदव्यांत धरले जातात आणि पाचव्या वर्षाअखेर एम.एस. हातात. एम.एस. साधारण 30 क्रेडिटचं, त्यातली 9 ते 12 अशी दुहेरी धरतात. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बहुतेक ठिकाणी माफ. मी हे कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सला केलं. अर्ज बहुधा तिसऱ्या वर्षी करावा लागतो आणि तोवर हायड्रॉलिक्सचा जेमतेम एखादा विषय झालेला असतो, खरी गोची तिथेच आहे.

वर्ष वाचतं, फी वाचते, हे सगळेच सांगतात. दुहेरी कुठले विषय धरायचे, यावर मात्र कोणी फार बोलत नाही. ग्रेड घसरली तर क्रेडिट जातं, म्हणून मुलं सोपे विषय धरतात. माझं मत उलट आहे: संख्याशास्त्रीय हायड्रॉलॉजी आणि भूजल आधी उरका. थिसिस करायचा असेल तर पाचव्या वर्षी गणिताची उजळणी करायला सवड मिळत नाही.

संख्याशास्त्र का, ते कोलोरॅडो नदीच सांगते. 1922च्या करारात तिचं पाणी वरच्या आणि खालच्या खोऱ्यांत वाटलं, प्रत्येकी वर्षाला 75 लाख एकर-फूट. म्हणजे सुमारे 327 टीएमसी. तीन कोयना भरून वर थोडं उरेल. पण ज्या वर्षांच्या नोंदी धरून हे ठरलं ती नेमकी ओली वर्षं होती. नदीला सरासरी तेवढं पाणी येतच नाही, आणि राज्यांचं भांडण अजून मिटलेलं नाही. कृष्णेच्या लवादांबद्दल वाचत मोठं झालेल्याला यात नवल वाटणार नाही.

एककांची धास्ती घेऊ नका. तिथला 'सीएफएस' म्हणजे आपला क्युसेकच. दर पावसाळ्यात खडकवासल्याच्या विसर्गाचे आकडे ऐकून आपला कान तयार झालेला असतो. उघड्या प्रवाहाचा वेग काढायच्या मॅनिंगच्या सूत्रात फुटांसाठी 1.49 लावायचं तेवढं लक्षात ठेवा.

प्रयोगशाळेचा विषय मिळत असेल तर सोडू नका. पार्शल फ्लूम, म्हणजे उघड्या प्रवाहाचा विसर्ग मोजायची मध्ये अरुंद गळा असलेली नाळ, फोर्ट कॉलिन्सचाच. राल्फ पार्शल यांनी 1920च्या दशकात तो इथेच घडवला. प्रवाह मोकळा असेल तर गळ्याच्या अलीकडे एकाच जागी खोली मोजली की विसर्ग मिळतो. ही खोली मोजायच्या पॉइंट गेजची सुई हळूहळू खाली आणायची, टोक पाण्यातल्या आपल्याच प्रतिबिंबाला भिडलं की वाचन घ्यायचं. जरा घाई केली तर पाणी सुईला चिकटून वर चढतं, मग पुसून पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडच्या जलशुद्धीकरण केंद्रांतही कच्चं पाणी आत येतं तिथे हाच फ्लूम दिसेल. हेक-रास हे नदीच्या प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर मात्र घरी शिका. फुकट मिळतं, त्यासाठी क्रेडिट घालवायचं कारण नाही.

पैशाचं आणि व्हिसाचं सगळं लेखी विचारून घ्या. बी.एस. चौथ्या वर्षी मिळणार की दोन्ही पदव्या शेवटी एकदम? एकदम असेल आणि मध्येच सोडावं लागलं तर बी.एस.चं काय? पदवीची शिष्यवृत्ती पाचव्या वर्षी बहुधा बंद होते, आणि नुसत्या विषयांवरच्या एम.एस.ला रिसर्च असिस्टंटशिप मिळणं कठीण. दुहेरी धरलेली क्रेडिट दुसऱ्या विद्यापीठात चालतीलच असं नाही, तेव्हा पुढे जागा बदलायचा विचार असेल तर ही वाट नकोच. बी.एस.नंतर ओपीटी (शिक्षणानंतर अमेरिकेत काम करायची तात्पुरती परवानगी) न घेता सरळ पुढे गेलात तरी एम.एस.नंतर तिचे 12 महिने आणि वर स्टेमचे, म्हणजे विज्ञान-अभियांत्रिकीच्या पदव्यांसाठीचे, 24 मिळू शकतात. बी.एस.वरून एम.एस.ला जाताना नवा आय-20 (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) वेळेत काढा.

एफई, म्हणजे अमेरिकेत अभियंत्याच्या परवान्यासाठीची पहिली परीक्षा, चौथ्या वर्षीच देऊन टाका. 110 प्रश्न असतात, आणि स्ट्रक्चर, सॉइल, सर्व्हेइंग सगळं येतं. एम.एस.ला नुसत्या पाण्यात बुडालात की ते विसरायला एक सेमिस्टर पुरतं.