जर्मनीत वर्षभर शाळेला येणाऱ्या कोल्हापूरच्या पोरांसाठी

दरवर्षी सप्टेंबर उजाडला की कोल्हापूर, कागल, इचलकरंजी इकडनं कुणी ना कुणी एक्स्चेंजवर इकडं येतंय, आणि दिवाळीच्या आत मला फोन येतो, मावशी असं असं झालंय काय करू. तेच तेच प्रॉब्लेम असतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. मी दक्षिण जर्मनीत राहते, राज्याराज्यात शाळांचे नियम थोडे बदलतात, बाकी सगळं सारखंच.

पहिलं वर्गातलं. आपल्याकडं गप बसणारं पोरगं म्हणजे गुणी पोरगं. इथं उलटं आहे. तोंडी मार्क असतात आणि ती काय वर्षाच्या शेवटी एकदा व्हायची परीक्षा नाही, रोजच्या तासाला तुम्ही बोट वर केलं का, काय बोललात, दुसऱ्याच्या बोलण्यावर काय म्हणालात हे शिक्षक टिपून ठेवतात आणि कितीतरी विषयांत जवळजवळ निम्मा निकाल त्याच्यावर असतो. मार्क 1 ते 6, 1 सगळ्यात चांगला. दहावीला नव्वदच्या वर टक्के काढलेला एक मुलगा, गणिताचा पेपर वर्गात एक नंबर लिहिला आणि तोंडीला 5 मिळाले. बाई म्हणाल्या मी अजून याचा आवाजच ऐकला नाही. त्याच्या आईचा मला फोन, की आमच्या पोरावर अन्याय चाललाय. अन्याय नाही हो, नियमच तसा आहे आणि तो पहिल्या आठवड्यात सगळ्यांना सांगतात, फक्त जर्मनमध्ये सांगतात.

यावर उपाय असा. आदल्या रात्री उद्याचा धडा काढायचा, त्याच्यावर एकच वाक्य जर्मनमध्ये लिहायचं, पाठ करायचं आणि तास सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत बोट वर करायचं. पहिल्या दहा मिनिटांतच, कारण नंतर चर्चा एवढी पळते की तुमचं वाक्य तयार होईपर्यंत विषय बदललेला असतो. चुकलं तरी कुणी हसत नाही. आणि समजलं नाही तर समजलं नाही म्हणा, आपण मान डावी-उजवीकडं हलवतो ना, ती यांना हो पण वाटत नाही आणि नाही पण वाटत नाही. शिक्षकांशी मतभेद असला तरी तो सांगायचा, कारण देऊन सांगितला तर मार्क वाढतात, कमी होत नाहीत. शिक्षकांना हेर (म्हणजे श्री) किंवा फ्राउ (म्हणजे श्रीमती) लावून आडनावानं हाक मारायची, ज्यांच्या घरी राहता त्या होस्ट आईबाबांना बहुतेक घरात सरळ नावानं. काका-काकू म्हणायची सवय सुटायला जड जातं, पण जमतं.

घरात पण हेच, बोला. इथं आग्रह नसतो. जेवायला हवंय का विचारल्यावर तुम्ही लाजून नको म्हणालात की विषय संपला, परत कुणी विचारणार नाही, त्यांच्या दृष्टीनं तो तुमच्या शब्दाचा मान राखणं असतं. एक मुलगी पहिला आठवडा अशी अर्धपोटी झोपत होती आणि होस्ट आईला वाटत होतं हिची भूकच कमी आहे. रात्रीचं जेवण बऱ्याच घरात थंड, ब्रेड, चीज, काकडी, गरम जेवण दुपारी. कांदा-लसूण चटणी आणा, भरपूर आणा, गूळ पण आणा, पण तूप, खवा, पेढे, सुकं मटण आणू नका, दुधाचं आणि मांसाचं बाहेरनं आणायला युरोपियन युनियनमध्ये बंदी आहे, एअरपोर्टवर काढून घेतात. फोडणी द्यायची असेल तर विचारून द्या, स्वयंपाकघराचं दार लावून खिडकी सताड उघडून. खिडकीचा दांडा आडवा केला की पूर्ण उघडते, वर केला की नुसती वरनं तिरकी होते, हे कुणी सांगत नाही आणि पोरं पहिल्या दिवशी घाबरतात की खिडकी तुटली.

आता हे दोनदा वाचा. होस्ट फॅमिलीच्या वायफायवर टोरेंट लावायचं नाही. पिक्चर नाही, सिरीयल नाही, गेम नाही, अभ्यासाचं सॉफ्टवेअर सुद्धा नाही. टोरेंटवर आपण उतरवून घेतो तेव्हा तीच फाईल आपल्याकडनं दुसऱ्यांना पण जात असते आणि इथं तेवढ्यावर वकिलाची नोटीस येते. नोटीस तुमच्या नावानं येत नाही, ज्याच्या नावावर इंटरनेट आहे त्याच्या नावानं येते, म्हणजे होस्ट बाबांच्या. आपल्याच भागातल्या एका मुलानं एक हिंदी पिक्चर घेतला, काही आठवड्यांनी नऊशेच्या वर युरोची मागणी घरात आली. पोरगं दोन दिवस गप. होस्ट बाबांना पैशापेक्षा त्या गप बसण्याचं जास्त लागलं, शेवटी त्याला घर बदलावं लागलं. आणि लक्षात घ्या, त्यानं इथं येऊन काही नवीन लावलंच नव्हतं, कोल्हापुरात अर्धवट राहिलेलं डाउनलोड लॅपटॉप वायफायला जोडल्या जोडल्या आपोआप सुरू झालं. म्हणून ते ॲप घरनं निघायच्या आधी काढून टाका. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवर आपली ओळख लपवणारं ॲप, लावलं की चालतं असं सांगणारे आपलेच दादा लोक इथं भेटतील, त्यांचं ऐकू नका, नोटीस आली की ते फोन उचलत नाहीत.

आजीनं बॅगेवर किंवा वहीच्या पहिल्या पानावर कुंकवानं स्वस्तिक काढलं असेल तर तिला समजावून ओम किंवा श्री काढायला सांगा. तसंच दिसणारं नाझींचं चिन्ह दाखवणं इथं गुन्हा आहे, आपलं धार्मिक आहे हे खरं, पण ते बस स्टॉपवर कुणाला समजावत बसणार. हिटलरवर जोक नाही, हात वर करून सॅल्यूट तर गमतीत पण नाही, त्याला पोलीस केस होते. इतिहासाच्या तासाला हा विषय फार गांभीर्यानं शिकवतात, नीट ऐका, लय शिकायला मिळतं.

बस-ट्रेनचं तिकीट काढल्यावर ज्यावर मशीनमध्ये शिक्का मारायचा असतो त्यावर शिक्का मारा, नाहीतर 60 युरो दंड. रविवारी दुकानं बंद. प्लॅस्टिकच्या बाटल्या टाकू नका, दुकानात परत दिल्या की बहुतेकांचे 25 सेंट मिळतात. सोळा वर्षं पूर्ण झाली की बिअर कायद्यानं चालते, पण तुमच्या एक्स्चेंज संस्थेच्या कागदावर काय लिहिलंय ते बघा आणि तेच पाळा. गाडी चालवायला पण बहुतेक संस्थांची मनाई असते.

मित्र कसे मिळवायचे हा खरा प्रश्न. इथली पोरं शाळा सुटली की पांगतात, आपल्यासारखं कट्ट्यावर थांबत नाहीत. खेळ शाळेत कमी, गावातल्या क्लबात जास्त. तुम्ही तर पेठेतल्या तालमींचा फुटबॉल बघत वाढलेली पोरं, शाहू स्टेडियमची गर्दी ज्यानं बघितलीय त्याला फुटबॉल वेगळा शिकवायला नको. पहिल्याच महिन्यात होस्ट आईबाबांना सांगा मला क्लबात जायचंय. पोरींच्या पण टीम असतात. मैदानावर भाषा कमी लागते आणि तिथंच भाषा सगळ्यात लवकर येते. सराव सहाचा असेल तर पावणेसहाला बूट घालून उभं राहायचं.

मराठी मंडळाच्या गणपतीला जरूर या, मोदक मी स्वतः करते. पण दर शनिवार-रविवार आपल्याच लोकांत काढू नका असं मी स्पष्ट सांगते. आपल्यातले काही जण वर्षानुवर्षं इथं राहून शेजाऱ्याशी चार वाक्यं बोललेले नाहीत आणि नवीन पोरांना सांगतात की हे लोक थंड आहेत. थंड नाहीत, उशिरा उघडतात, आणि एकदा मैत्री झाली की आयुष्यभर धरून ठेवतात.

घरी फोन आठवड्यातनं एकदा, ठरलेल्या वेळी. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदललं की साडेचार. त्याच सुमारास अंधार लवकर पडायला लागतो, डिसेंबरात साडेचारलाच दिवस मावळतो आणि सगळ्यांचाच जीव खाली होतो. तेव्हा रात्र रात्र आईशी व्हिडिओ कॉल करत बसलात तर सकाळी शाळेत डोळे उघडत नाहीत आणि आईला पण तिकडं झोप नाही. रडू येतंय हे होस्ट आईला सांगा, संस्थेनं नेमून दिलेल्या माणसाला सांगा, मला फोन करा.

आणि परतायच्या आधीचं काम, शाळेच्या ऑफिसातनं सही-शिक्क्याचं प्रगतिपुस्तक आणि हजेरीचं पत्र उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी मागून घ्या. सुट्टी सहा आठवड्यांची असते आणि तेवढ्यात तुमच्या कॉलेजचं ॲडमिशन होऊन जातं. कोल्हापुरातल्या कॉलेजला कुठले कागद लागतात हे निघायच्या आधीच प्राचार्यांकडनं लेखी घेऊन या.