बोकडाची कवटी घरी स्वच्छ आणि पांढरी करण्याची रीत

कवटीचे काम खरे तर मटणाच्या दुकानातच सुरू होते. मुंडी मागितली की ती भाजून, केस खरवडून आणि भेजा काढण्यासाठी फोडून देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. रश्श्यासाठी ती ठीक असली, तरी कवटीसाठी अशी मुंडी कामाची राहत नाही. म्हणून खाटकाला आधीच "भाजायची नाही, फोडायची नाही, नुसती सोलून द्या" असे बजावून ठेवावे. कोल्हापुरात पालव्याच्या म्हणजे कोवळ्या बोकडाच्या मटणाला कितीही मागणी असली, तरी त्याची मुंडी घेऊ नये, कारण कोवळ्या वयात कवटीची हाडे एकमेकांत घट्ट बसलेली नसतात आणि सडवताना त्यांचे तुकडे सुटे होतात. पूर्ण वाढलेल्या बोकडाची किंवा मेंढ्याची मुंडी उत्तम.

राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला फिरताना गव्याची कवटी किंवा सांबराचे गळून पडलेले शिंग दिसले, तर ते तेथेच राहू द्यावे. वन्यप्राण्यांचे असे अवशेष घरी आणून ठेवणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. आजाराने मेलेल्या जनावरालाही हात लावू नये, कारण काळपुळीसारखे रोग माणसाला होतात.

घरी आणल्यावर रबरी हातमोजे घालून डोळे, जीभ आणि सुटेल तेवढे मांस सुरीने काढावे. मेंदू मानेकडच्या मोठ्या छिद्रातून, टोक वाकवलेल्या तारेने ढवळून आणि नळीच्या पाण्याने धुऊन बाहेर काढता येतो. येथे मुंडी उकळण्याचा मोह अनेकांना होतो, कुकरच्या चार शिट्ट्यांत काम उरकेल असे वाटते. पण उकळल्याने चरबी हाडात मुरते, नाकातील कागदासारखी पातळ हाडे तुटतात आणि दातांना तडे जातात. त्याऐवजी मुंडी झाकणाच्या प्लास्टिक बादलीत साध्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवावी आणि पुढचे काम जिवाणूंवर सोडावे. पाण्यात जंतुनाशक काहीही घालू नये. दर काही दिवसांनी निम्मेच पाणी बदलावे, म्हणजे जिवाणू टिकून राहतात. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात दोन-चार आठवड्यांत मांस गळून पडते, थंडीत मात्र बराच जास्त वेळ लागतो. वास उग्र येतो, हे झाकून सांगण्यात अर्थ नाही. बादली गच्चीच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवावी आणि शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी. काढलेले पाणी गटारात किंवा पंचगंगेत न सोडता मातीत खड्डा करून जिरवावे.

पाणी ओतताना खाली चाळणी धरणे अत्यावश्यक आहे, कारण समोरचे दात सुटून गाळात जातात. समोरचे आठही दात खालच्या जबड्यातच असतात. शेळी-मेंढीला वर समोर दात नसतातच, त्यामुळे ते गाळात शोधत बसू नये. शिंगाचे बाहेरचे टरफल सैल झाले की हलकेच पिळून ओढावे. आतला हाडाचा गाभा स्वच्छ करून टरफल वेगळे वाळवावे.

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात आणि तेथेच काम बिघडते. मांस गेले तरी हाडात चरबी असते, आणि ती न काढता पांढरी केलेली कवटी काही महिन्यांत पुन्हा पिवळी, चिकट होते. भांडी घासण्याचा द्रव साबण कोमट पाण्यात घालून कवटी त्यात ठेवावी आणि पाणी गढूळ झाले की बदलावे. पाणी नितळ राहू लागेपर्यंत हे चालू ठेवायचे, मग त्याला कित्येक आठवडे लागोत. मधूनच कवटी वाळवून पाहावी: जबड्याच्या सांध्याजवळ आणि शिंगांच्या बुडाशी तेलकट, पारदर्शक डाग दिसले, तर चरबी अजून आहे.

पांढरे करण्यासाठी कपडे धुण्याचे ब्लीच कदापि वापरू नये. ते हाडातील प्रथिन खाते, आणि धुऊन टाकल्यावरही हाड भुसभुशीत होत राहते. औषधाच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. 20 व्हॉल्यूमचे म्हणजे सुमारे 6 टक्क्यांचे असेल, तर तेवढेच पाणी घालून 3 टक्क्यांचे करावे. चष्मा आणि हातमोजे घालून प्लास्टिकच्या डब्यात, सावलीत, कवटी एक-दोन दिवस बुडवावी. डब्याचे झाकण घट्ट लावू नये, कारण सुटणाऱ्या वायूने डबा फुटू शकतो. शिंगांची टरफले यात घालायची नाहीत, त्यांचा रंग उडतो. खडूसारखा पांढराशुभ्रपणा मिळवण्याच्या नादात हाड जास्त वेळ ठेवू नये. किंचित हस्तिदंती छटा राहिलेली कवटीच मला अधिक खरी वाटते.

स्वच्छ पाण्याने धुऊन कवटी उन्हात न ठेवता सावलीत, वाऱ्यावर वाळवावी, नाहीतर दात तडकतात. पूर्ण वाळल्यावर दात, शिंगांची टरफले आणि जबड्याचे दोन भाग सुटे झाले असल्यास तेही फेव्हिकॉलने चिकटवावेत. तो पाण्यात सुटतो, त्यामुळे एखादा दात चुकीच्या खाचेत बसला तरी पुन्हा काढता येतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हाडावर बुरशी धरते, म्हणून वाळवण्याचे काम जूनच्या आत उरकावे.