रिकाम्या पोटी या, रिकाम्या हाताने नको

परळला आमच्या गल्लीतल्या विठ्ठलाच्या देवळाचा हॉल आहे. तिथे दर रविवारी फुकट दवाखाना भरतो. म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलातून सिस्टर म्हणून रिटायर झाल्यापासून केसपेपरचं टेबल माझ्याकडे आहे. येणारे बहुतेक घरकामवाल्या, वॉचमन, टॅक्सीवाले. ना मेडिक्लेम, ना ईएसआयसीचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड. जात-धर्म कुणी विचारत नाही. भायखळ्याहून एक चाची येतात, त्या तर पहिला नंबर सोडत नाहीत. दानपेटी दारात आहे, पण तिच्यात काही टाकलंच पाहिजे असं नाही.

साखर तपासायची असेल तर रात्री नऊनंतर काही खाऊ नका. पाणी चालेल. चहा चालत नाही. "चहा म्हणजे काय खाणं थोडंच," असं म्हणणारे दर रविवारी दोघं-तिघं असतात आणि त्यांना परत पाठवताना मलाच वाईट वाटतं. बीपीची गोळी नेहमीच्या वेळेला घोटभर पाण्याबरोबर घ्या. साखरेची गोळी मात्र रक्त देईपर्यंत नको. ती आणि नाश्त्याचा डबा बरोबर आणा. नाश्ता खायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी दुसरं रक्त घेतात, तेव्हा घड्याळ बघून खा.

चालू औषधं पाकिटासकट आणा. "पांढरी छोटी गोळी" एवढ्यावरून डॉक्टरला काही कळत नाही, निम्म्या गोळ्या पांढऱ्याच असतात. एक मावशी घामाघूम होऊन, हातपाय थरथरत आल्या. गोळ्या बिस्किटाच्या कागदात बांधलेल्या. साखर बघितली तर पार ५२ वर उतरलेली! साखरपाणी देऊन शुद्धीवर ठेवलं आणि मुलाला घरून पाकिटं आणायला पिटाळलं. दोन डॉक्टरांनी दोन कंपन्यांची ग्लिमेपिराइड, म्हणजे साखर उतरवणारी गोळी, दिली होती. नावं वेगळी, औषध एकच, आणि मावशी दोन्ही घेत होत्या. तेव्हापासून पाकिटावरचं बारीक अक्षरातलं नाव मी स्वतः केसपेपरवर उतरवते.

आता चपलांचं. देऊळ म्हणजे चपला बाहेर, खरं आहे. पण साखरेने पाय बधिर झालेल्यांना चटका कळत नाही. मे महिन्यात तापलेल्या फरशीवरून अनवाणी आलेल्या एका काकांच्या टाचेला फोड आला, तो त्यांना घरी गेल्यावर सुनेने दाखवला. आम्ही पुजारीबुवांशी बोलून हॉलला मागचं दार करून घेतलं. साखरवाल्यांनी तिथून चपला घालूनच यायचं.

आमच्याकडे जमत नाही त्याची चिठ्ठी देतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात थुंकी तपासायला जा. टीबीची तपासणी आणि औषधं तिथे फुकट मिळतात.

ऑपरेशन निघालं तर घाबरून सावकाराकडे धावू नका. सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा, बिलिंगच्या खिडकीवर नंतर. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांनाही धर्मादाय योजनेखाली १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना वर्षाला १,८०,००० आणि दुर्बल घटकांना ३,६०,००० रुपये अशी आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आजारी पडायच्या आधीच काढून ठेवा. पेशंट खाटेवर असताना दाखल्यासाठी धावपळ करणारे मी फार बघितलेत.

माझ्या दिरांच्या वेळी अशाच एका हॉस्पिटलात काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता "खाटा नाहीत" सांगितलं. मी तिच्याशी वाद घातला नाही. समाजसेवा अधिकाऱ्याचं केबिन शोधलं, अर्ज दिला आणि पोच मागितली. पोच मागितल्यावर संध्याकाळपर्यंत खाट निघाली. म्हणून तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. दाद लागली नाही तर वरळीला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे.

आणि हो, अकराच्या आरतीनंतर शिऱ्याचा प्रसाद येतो. दुसरं रक्त बाकी असेल त्यांनी तो हातात घेऊन माझ्या टेबलावर ठेवायचा. वाटीवर नाव लिहून देईन. मागच्या रविवारी एका आजोबांनी खांबाआड उभं राहून खाल्ला, आणि मिशीला तूप लागलं होतं.