व्हीआरमध्ये सबटायटल थरथरत होते, असे सुटले
आमच्या व्हिडिओ ॲपच्या व्हीआर (हेडसेटमधलं आभासी वास्तव) स्क्रीनवर मराठी सबटायटल पुसट दिसायचे आणि मान जरा हलवली की वेलांट्या, अनुस्वार थरथरायचे. फॉन्ट मोठा केला, अँटीअलायझिंग (कडा गुळगुळीत करणं) वाढवलं, काही फरक नाही, चार रात्री गेल्या, जाम वैतागलो. कारण असं की सीनमधला मजकूर आधी डोळ्याच्या बफरवर (प्रत्येक डोळ्यासाठी काढलेलं चित्र) आणि मग लेन्सच्या वाकडेपणाच्या दुरुस्तीत, असा दोनदा सॅम्पल होतो, म्हणजे त्याचे पिक्सेल दोनदा नव्याने ठरतात. मग आधी सबटायटल वेगळ्या कॅमेऱ्याने 1920×1080 च्या पारदर्शक टेक्श्चरवर (मेमरीतलं चित्र) काढले, ते टेक्श्चर ओपनएक्सआरच्या (व्हीआरचं सामाईक मानक) क्वाड लेयरला दिलं, म्हणजे डोळ्याच्या बफरमधून न जाता एकदाच सॅम्पल होणाऱ्या सपाट चौकोनी थराला, लेयरचा क्रम व्हिडिओच्या वर ठेवला, अंतर 2 मीटर, आणि शेवटी मेन कॅमेऱ्याच्या कलिंग मास्कमधून (कॅमेऱ्याने काय काय दाखवायचं ते ठरवणारी सेटिंग) सबटायटल काढून टाकले (हे राहिलं तर अक्षरं दुहेरी दिसतात). आता बारीक अनुस्वारसुद्धा स्वच्छ वाचता येतो.